ताईच्या अर्ध्या गोष्टी

माझी ताई माणसांना झोपवते. हृदयाच्या ऑपरेशनला भूल द्यायची, छाती उघडी असताना माणूस जिवंत ठेवायचा आणि काम झालं की परत उठवायचा, हा तिचा धंदा. ऑपरेशन पार पडलं की नातेवाईक सर्जनचे हात हातात घेऊन रडतात, आणि आमची ताई मागच्या दाराने चपला शोधत बाहेर पडते. तिचं नाव कुणाला आठवत नाही. आठवणार तरी कसं? भूल देण्याआधी जे औषध टोचतात त्याने त्या वेळचं सगळं पुसूनच जातं, त्यात हिचं तोंडही जातं. मला याचा भयंकर राग येतो. तिला येत नाही. "मला विसरले म्हणजे माझं काम नीट झालं," असं म्हणते. म्हण बाई.

पायाला भिंगरी लागलेली. चहा उभ्याने पिते, पेपर चालता चालता वाचते, जेवताना मध्येच उठून गॅस बंद आहे का बघते, आणि तो बंदच असतो. टीव्हीसमोर कुणाचा डोळा लागला तर हिचं लक्ष सिनेमात नसतं, त्याच्या छातीवर असतं. वर जाते ना, खाली येते ना. एकदा माझी बायको दुपारी आडवी झाली होती. डोळे उघडले तर नणंद तिच्या नाकाखाली बोट धरून वाकलेली. बायकोने अशी किंकाळी फोडली की शेजारचे जिन्यात आले. "घोरणं मध्येच थांबलं होतं," ताई म्हणाली. बायकोचं अजूनही म्हणणं आहे की ती घोरतच नाही.

मी मोटार चालवायला शिकवतो. माझ्या गाडीत डावीकडच्या सीटसमोरही एक ब्रेक आहे, तो माझा. शिकणारा घाबरला, मी घाबरलो, की पाय आपोआप त्याच्यावर जातो. दुसऱ्याचा जीव सांभाळत शेजारी बसायचं, ताईत आणि माझ्यात हे साम्य, बाकी ती शिकली आणि मी शिकवतो. आणि हो, डोकीही दोघांची तापट. अप्पा म्हणायचे, "या दोघांना एका खोलीत ठेवलं तर पाणी तापवायला गॅस नको."

टेबलावर आलेला माणूस थरथरत असतो, गारठ्याने आणि भीतीनेही. इतर भूलतज्ज्ञ आकडे मोजायला लावतात. ताई त्याच्या उशाशी उभी राहून म्हणते, "तुमची एखादी गोष्ट सांगा. कुठलीही." आणि माणसं सांगतात हो! एक पोस्टमन कुत्रा मागे लागला म्हणून भिंतीवर चढला, पलीकडे उडी मारली, आणि पलीकडे बघतो तर... झोपला. एक बाई म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या दिवशी नवराच..." आणि गेल्या झोपी. नंतर विचारावं तर त्यांना आपण काही सांगत होतो हेही आठवत नाही. ताईजवळ अशा शेकडो गोष्टी साठल्या, सगळ्या अर्ध्या. आम्ही जेवताना त्या पुऱ्या करायचो. मी म्हणायचो, नवरा पळाला. माझी बायको म्हणायची, नाही, पळाला असता तर हसत कशाला सांगितलं असतं? अप्पा म्हणायचे, तो लिफ्टमध्ये अडकला असणार.

कारण अप्पांना सगळं जग लिफ्टमध्येच दिसायचं. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. आमचे अप्पा म्हणजे बोलण्याचा कारखाना. कुठे माणसं अडकली की हत्यारांची पेटी खाली ठेवायची, दाराच्या फटीला तोंड लावायचं आणि आधी गप्पा सुरू करायच्या. आत कोण आहे, कुठे निघालात, घरी काय सांगून आलात. मग पाना उचलायचा. ताईने उशाशी उभं राहून बोलायची सवय कुठून घेतली हे वेगळं सांगायला नको.

आई त्यांना लिफ्टमध्येच भेटली, ही आमच्या घरची मुख्य गोष्ट. नवी इमारत, दोन मजल्यांच्या मधे अडकलेली लिफ्ट, आत एकटी मुलगी, बाहेर अप्पा. "मग मी दारातून तिला धीर दिला," इथवर आले की आई स्वयंपाकघरातून खुसखुसायची, अप्पा खाकरून विषय बदलायचे. ताई तर त्याच्याही आधी उठून गेलेली असायची.

आई जाऊन बरीच वर्षं झाली. ताईने लग्न केलं नाही, आणि तो विषय तिच्यासमोर काढायची माझी छाती नाही. ती आणि अप्पा एका घरात, मी रस्त्याच्या पलीकडे. तर एके सकाळी अप्पा जिन्यात चक्कर येऊन पडले. लिफ्टवाला माणूस जिन्यात पडला, यावर ते स्वतःच दोन दिवस हसत होते. पण तपासण्या झाल्या तेव्हा हसू आटलं. हृदयाची एक झडप गंजल्यासारखी कडक झाली होती, रक्त बाहेर जायला जेमतेम फट उरलेली. झडप बदलायला हवी. मांडीतून तार घालून बदलण्याचा सोपा मार्ग असतो, पण अप्पांच्या पायांच्या नसा त्याला पुरेशा रुंद नव्हत्या. म्हणजे छातीच उघडायची. आणि मूत्रपिंडं आधीच थकलेली, फुप्फुसं तशीच. सर्जन म्हणाले, "करता येईल. धोका मोठा आहे."

ताईने "करता येईल" एवढंच ऐकलं.

त्या दिवसापासून तिने घर डोक्यावर घेतलं. ह्याला फोन, त्याला फोन. घरच्या माणसाला आपण भूल द्यायची नाही असा त्यांच्यात दंडक आहे, म्हणून भूल तिचा सहकारी देणार आणि ही बाजूला उभी राहणार. सहकाऱ्याला तिने इतक्या सूचना दिल्या की तो बिचारा मला भेटला तेव्हा म्हणाला, "मॅडमना एक गोळी तुम्हीच द्या." अप्पा काही बोलायला गेले की ती तिच्या त्या कामावरच्या आवाजात म्हणायची, "काही नाही अप्पा, झोप लागेल, उठाल तेव्हा सगळं झालेलं असेल." तो आवाज फार गोड आहे. समोरच्याचं तोंड बंद करायला त्याच्यासारखं औषध नाही.

मला काहीतरी खटकत होतं. अप्पा गप्प होते. नळ बंद पडावा तसे गप्प. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरले की एरवी ते मोटरच्या आवाजावर व्याख्यान देत. त्या आठवड्यात लिफ्टचा ब्रेक करकरत होता तरी हे आपले भिंतीकडे बघत उभे.

आता त्या हॉस्पिटलमध्ये तेव्हा एक अभ्यास चालू होता. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशनला आलेल्या म्हाताऱ्या, थकलेल्या माणसांशी आधी एका डॉक्टरने निवांत बसून बोलायचं. तुम्हाला काय हवंय, कशाची भीती वाटते, कुठल्या अवस्थेत जगणं तुम्हाला चालणार नाही. हा डॉक्टर दुखणं आणि दम हलका करणाऱ्या विभागातला, पॅलिएटिव्ह केअर म्हणतात तो. निम्म्या लोकांशी बोलायचं, निम्म्यांचं नेहमीसारखं, आणि मग कोणाचं कसं निभावलं ते ताडून बघायचं. कोण कुठल्या गटात हे कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवणार. ताई या अभ्यासात होती, म्हणजे तिच्या मोठ्या साहेबांनी तिला ढकललं होतं. तिचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता. "ऑपरेशनच्या तोंडावर आलेल्या माणसाला विचारायचं, मरणाबद्दल काय मत आहे? उद्या माझ्या टेबलावर त्याची नाडी धावणार, निस्तरायचं कोणी?"

आणि तो डॉक्टर तर तिच्या डोळ्यांत खुपायचा. तो दम लागणाऱ्या पेशंटांना हातात धरायचा छोटा पंखा द्यायचा, बॅटरीवरचा, खेळण्यासारखा. चेहऱ्यावर वारा लागला की दम लागल्याची भावना कमी होते, असं त्यांच्या शास्त्रात निघालंय. ताई म्हणायची, "आम्ही हृदय थांबवून परत चालू करतो आणि हे एवढं शिकून पंखे वाटतात." म्हणून आमच्या घरात त्याचं नाव पंखेवाला.

अप्पांची चिठ्ठी निघाली, ती न बोलायच्या गटातली. ताई त्या दिवशी चक्क शीळ घालत घरी आली. "बरं झालं. सुटलो त्या कटकटीतून."

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे माझ्याशी कोणी बोलायचं नाही?"

"तसं नाही हो, अप्पा. नेहमीसारखं होईल तुमचं."

"नेहमीसारखं म्हणजे न बोलता," अप्पा म्हणाले. "मला त्या पंखेवाल्याला भेटायचंय."

ताईने हात उडवले. अभ्यासाची शिस्त बिघडेल, आकडे चुकतील, असं काय काय. मी पंखेवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला की अभ्यास गेला खड्ड्यात असं मी म्हणणार नाही, पण त्यात साफ लिहिलंय, कुठल्याही पेशंटने आपणहून बोलावलं तर जायचंच. ताईला नियम ठाऊक होता. नुसता ठाऊक नव्हता, तिने त्याच्याखाली सही केली होती.

ऑपरेशनसाठी अप्पांना भरती केलं त्या दिवशी तो त्यांच्या खोलीत आला. उंच, किडकिडीत, बाह्या दुमडलेल्या, माझ्यापेक्षाही लहान. तपासलं नाही, नाडी बघितली नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "काका, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय काय सांगितलंय? तुमच्या शब्दांत सांगा." मी खिडकीत. ताई बसायला तयारच नव्हती, ती दारात उभी होती, एक पाय आत, एक बाहेर.

अप्पा बोलायला लागले आणि धरण फुटलं. झडप, नसा, मूत्रपिंडं, सगळं त्यांना कळलं होतं. मग पंखेवाल्याने विचारलं, "ऑपरेशनची सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? मरणाची?"

"छे. मेलो तर मेलो, झोपेत आहे मी." अप्पांनी दाराकडे बघितलं नाही. "नळीची. आमची ही गेली ना, तिच्या घशात श्वासाची नळी होती. शेवटी किती दिवस तशीच. जीव वाचेल म्हणून पोरीने घातली, बरोबरच केलं तिने, मी काही म्हणत नाही. पण तिला मला काहीतरी सांगायचं होतं. डोळे असे करायची. बोटांनी माझ्या हातावर काहीतरी लिहायची. मला नाही वाचता आलं हो. एवढा संसार केला आणि शेवटचं काय म्हणाली ते मला ठाऊक नाही."

हे अप्पांनी आम्हाला कधीही सांगितलं नव्हतं.

"मी बडबड्या माणूस," अप्पा म्हणाले. "माझे जे काही दिवस असतील ते मला बोलता आलं पाहिजे. थोडे मिळाले तरी चालतील. माझ्या वयाला, अशा मूत्रपिंडांना, श्वासाच्या मशीनवरून उतरायला किती वेळ लागेल?"

"सांगता येत नाही," पंखेवाला म्हणाला. "कदाचित लवकर उतराल, ठणठणीत व्हाल. कदाचित उतरणारच नाही. दुसरं होण्याची शक्यता तुमच्या बाबतीत बरीच आहे."

"मग नको मला. पण पोरीला कसं सांगू? ती जन्मभर लोकांना झोपवून उठवत आली. मी नको म्हटलं तर तिला वाटेल, सगळं जग माझ्यावर विश्वास टाकतं आणि बापच टाकत नाही."

दारात कोणी नव्हतं. ताई निघून गेली होती.

मला ती खाली पार्किंगमध्ये सापडली, गाड्यांच्या रांगांमधून येरझाऱ्या घालत. मला बघताच अंगावर आली. "मरायचंय त्यांना! आणि तू फोन करून त्या पंखेवाल्याला बोलावलंस! मी उठवलं असतं त्यांना, कळतंय का तुला?"

"तू त्यांना विचारलंस का?"

"काय विचारायचं? झडप बंद होतेय!"

"अनोळखी माणसांना विचारतेस ना, गोष्ट सांगा म्हणून? बापाला विचारलंस? की त्यांनाही टोचायचं आधी आणि विचारायचं मग?" मी ओरडत होतो. पार्किंगचा वॉचमन उठून उभा राहिला. "आई शेवटी त्यांच्या हातावर काहीतरी लिहायची, ते तुला माहीत होतं?"

ती कोणाच्यातरी गाडीच्या बॉनेटवर मटकन बसली. मी पाहिलेलं तिचं ते पहिलं बसणं. ओंजळीत तोंड धरून ती रडली, आणि नाक पुसून म्हणाली, "नव्हतं माहीत. कोणी सांगितलंच नाही रे." मग ज्याची गाडी होती तो आला आणि आम्हाला उठावं लागलं.

ऑपरेशन रद्द झालं. अप्पा घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून परत बोलायला लागले. पाणी कमी करायच्या गोळ्या, मीठ बंद, पंखेवाल्याची आठवड्याची फेरी, आणि छातीशी तो खेळण्यातला पंखा. पंखा अप्पांना भलताच आवडला. त्याची मोटर उघडून त्यांनी त्यात तेल घातलं आणि पंखेवाल्याला सांगितलं की कंपनी हलक्या प्रतीचा माल देते.

ताईने रजा काढली. तिला रजेवर काय करतात ते माहीत नव्हतं. तिने अप्पांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावली आणि तिच्याकडेच बघत राहायला लागली. आकडा जरा घसरला की ही उशा वर करते, खिडक्या उघडते, अप्पांना हलवून जागं करते. एक दिवस अप्पांनी चिमटी काढून पलंगाखाली टाकली. "मी बोटात नाही गं, इथे वर आहे."

दम वाढत चालला तसे पंखेवाल्याने थेंब सुरू केले. मॉर्फीनच्या भावकीतलं औषध, थकलेल्या मूत्रपिंडांना झेपेल असं, अगदी बारीक मात्रेत. दुखण्यासाठी नाही, दमाची घुसमट कमी व्हावी म्हणून. आता याच जातीचं औषध ताई रोज थिएटरात सिरिंज भरभरून देते. तिच्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार? मी निर्धास्त होतो. थेंब देण्याचं काम अर्थात तिचंच.

पण अप्पांना आराम पडेना. एका संध्याकाळी मी शिकवणी संपवून गेलो तर ते पलंगाच्या कडेला हात रोवून बसलेले, खांदे वर खाली, ओठ निळसर, शब्द फुटेना. ताई खोलीत इकडून तिकडे. मी म्हटलं, "थेंब दे ना!"

"दिलेत."

"किती?"

मी बाटली घेतली. पंखेवाल्याने बाटलीवर मात्रेची खूण करून दिली होती. औषध जेवढं उतरायला हवं त्याच्या निम्मंही उतरलेलं नव्हतं.

"तू कमी देतेयस त्यांना?"

"श्वास मंदावतो त्याने," ती म्हणाली. "मी रोज बघते. हे औषध आत गेलं की माणूस श्वास घ्यायचं विसरतो. तिथे माझ्याकडे मशीन असतं, मी त्याचा श्वास हातात घेते. इथे काय आहे माझ्याकडे? काहीच नाहीये इथे!"

हिच्या हातून हीच चूक व्हायची होती. औषधाला न घाबरणाऱ्या साध्या माणसाने बाटलीवरची खूण बघून दिलं असतं. मला तिची कीव आली आणि संतापही आला, आणि संताप आधी बाहेर पडला. "ताई, ब्रेकवरचा पाय काढ! गाडी ते चालवतायत. तू शेजारी बसलीयस. तुझा पाय ब्रेकवर आहे म्हणून त्यांची गाडी आचके देतेय. बघ त्यांच्याकडे!"

तिने फोन उचलून पंखेवाल्याला सगळं सांगितलं, स्वतःच, काही न लपवता. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही देता ती मात्रा समुद्र आहे, ही चमचाभर आहे. त्यांचा श्वास त्यांचाच राहील. द्या, आणि नंतर नुसत्या बसा. काही करू नका."

तिने पूर्ण मात्रा दिली. मी पंखा धरला. आणि ताई अप्पांच्या शेजारी खुर्चीवर हात मांडीखाली दाबून बसली, लहान पोरं बसतात तशी. हळूहळू अप्पांचे खांदे उतरले. ओठांना रंग आला. डोळे मिटले तेव्हा ताई अर्धी उठली, मी दंड धरून तिला खाली ओढलं. थोड्या वेळाने अप्पांनी डोळे उघडले आणि घसा साफ केला.

"पंखा असाच धर," ते म्हणाले. "आता गोष्ट सांगता येईल."

"कुठली?" मी विचारलं.

"तुमच्या आईची. लिफ्टची. तुम्ही कधी पुरी ऐकलीच नाहीत. म्हणजे मीच पुरी सांगितली नाही." त्यांनी ताईकडे बघितलं. "बसतेस का, की गॅस बघायचाय?"

"बसते," ताई म्हणाली.

"मी काय सांगत आलो? मी दारातून तिला धीर दिला. साफ खोटं. मी कामाला लागून चारच दिवस झालेले. मला शिकवणारा उस्ताद दुसऱ्या इमारतीत. मी एकटा. वर मोटरच्या खोलीत गेलो तर काय कशाला जोडलंय तेच कळेना. वाटलं, चुकीचं काही ओढलं आणि लिफ्ट कोसळली तर? खाली आलो आणि दाराशी बसून राहिलो. माझं धापा टाकणं तिला आत ऐकू गेलं असणार. तर आतून ही म्हणते कशी, 'अहो, तुम्ही नवीन आहात का?' मी म्हटलं, हो. म्हणाली, 'मग सावकाश करा. मला काही घाई नाही.' आणि तिने मला बोलतं केलं. नाव काय, गाव कुठलं, डब्यात काय आणलंय. उस्ताद येईपर्यंत आतल्या माणसाने बाहेरच्याला धीर दिला. मी पुढे जन्मभर दारातून गप्पा मारल्या ना, ती तिची विद्या." त्यांना दम लागला, मी पंखा जवळ नेला, ते हसले. "म्हणून हसायची ती स्वयंपाकघरातून. माझी लाज राखायची."

गोष्ट संपली. ताई जागची हलली नव्हती. ती हसत होती आणि तिचे गाल ओले होते, आणि ती म्हणाली, "अप्पा, ही माझी पहिली पुरी गोष्ट."

त्यानंतर अप्पा बरेच दिवस होते, आणि बोलत होते. माझ्या बायकोला त्यांनी सांगितलं की ती घोरते. पंखेवाल्याला सांगितलं की हॉस्पिटलच्या लिफ्टचा ब्रेक बदलून घ्या, नाहीतर एक दिवस तुम्हीच अडकाल.

शेवटच्या दुपारी ते बहुतेक झोपलेलेच होते. श्वास मध्ये मध्ये थांबायचा, मग एक लांब यायचा. पंखेवाल्याने आम्हाला हे असं होईल म्हणून आधीच सांगून ठेवलं होतं. ताई उशाशी होती, तिच्या नेहमीच्या जागी. एकदा श्वास थांबला तो बराच वेळ आला नाही, आणि ताईचे हात आपोआप पुढे गेले. तिच्या कामातली ती पहिली सवय, हनुवटी वर उचलायची, श्वासाची वाट मोकळी करायची. तिची बोटं त्यांच्या जबड्याखाली गेली. मी काही म्हणणार तेवढ्यात अप्पांचे डोळे किलकिले झाले. त्यांनी खालून वर तिच्याकडे बघितलं, टेबलावरून तिचे पेशंट बघतात तसं.

"सावकाश कर," ते म्हणाले. आवाज कागदासारखा पातळ, पण शब्द स्वच्छ. "मला काही घाई नाही."

ताईने जबड्याखालची बोटं काढली आणि तो तळवा त्यांच्या गालावर ठेवला. तसाच ठेवला, शेवटपर्यंत.

आता ती परत कामावर जाते. चहा अजून उभ्यानेच पिते, त्यात काही सुधारणा नाही. अभ्यासाचा निकाल अजून यायचाय, आणि आपले वडील त्यात कुठल्या रकान्यात धरायचे यावरून तिचं साहेबांशी वाजलंय. पण हल्ली ती ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वॉर्डात जाते, पेशंटजवळ खुर्ची ओढून बसते आणि तिथेच म्हणते, तुमची एखादी गोष्ट सांगा. काल आम्ही जेवायला तिची वाट बघून कंटाळलो. मी चिडून फोन केला. "कुठे आहेस? अन्न निवलं इथे."

"जेवून घ्या तुम्ही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आजी सांगतायत. मी बसलेय."